कव्हर दाखवू नका, पुस्तक द्या

धाराशिव जिल्ह्यात, परंडा तालुक्यातल्या सोनारीला भैरवनाथाच्या देवळाच्या आवारात एक म्हातारे बाबा मांडीवर पोथी घेऊन बसले होते. मी विचारलं, "काय वाचताय, बाबा?"

मान वर न करता ते म्हणाले, "अठ्ठाविसावा."

एवढंच. पोथीचं नाव सांगायची त्यांना गरज वाटली नाही. काळभैरवाच्या दारात बसून नाथपंथी माणूस 'नवनाथ भक्तिसार' नाही वाचणार तर काय वाचणार? चाळीस अध्यायांची पोथी, त्यातला अठ्ठाविसावा चालू. कुठवर आलो आणि किती राहिलं, सगळा हिशेब एका शब्दात.

त्याच आठवड्यात शहरात एका शिकल्यासवरल्या गृहस्थांना हाच प्रश्न विचारला होता. ते म्हणाले, "सध्या बरंच काही चालू आहे." बरंच म्हणजे काय, तर चार पुस्तकांची कव्हरं त्यांनी मोबाइलवर दाखवली. चारही त्यांनी स्टेटसला लावली होती. खाली लिहिलं होतं: अप्रतिम, प्रत्येकाने वाचलंच पाहिजे. मी विचारलं, यातलं कुठलं संपलं? ते म्हणाले, वेळ कुठे मिळतो.

मग शिफारस कशाच्या जोरावर केली?

माझं भांडण इथेच आहे. सध्या काय वाचतोय हे सांगणं आणि दुसऱ्याला पुस्तक सुचवणं, ही दोन्ही फार चांगली कामं आहेत. माझं अख्खं वाचन दुसऱ्यांनी सुचवलेल्या पुस्तकांवर उभं आहे. पण हे काम फुकटात होत नाही. सुचवणाऱ्याने आधी पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं असावं. ते कुणासाठी आहे हे त्याला सांगता यावं. आणि जमेल तिथे ते पुस्तक त्याने उचलून समोरच्याच्या हातात ठेवावं. यातलं काहीच न करता कव्हरचा फोटो पुढे ढकलणारा माणूस वाचन वाढवत नाही, स्वतःची जाहिरात करतो.

नवनाथांच्या पोथीला अंधश्रद्धा म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी तिचा चाळिसावा अध्याय एकदा उघडून बघावा. मालू कवीने शके १७४१ मध्ये, म्हणजे १८१९ साली, ही पोथी पुरी केली. शेवटच्या अध्यायात तो एकेका अध्यायाची फलश्रुती सांगत जातो. कुठल्या अडचणीतल्या माणसाने कुठला अध्याय वाचावा, त्याचा हा जमाखर्च आहे. ते फळ मिळतं की नाही, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. मला त्यातली रीत मोलाची वाटते. या कवीने 'सगळ्यांनी सगळं वाचा' असं सांगून हात झटकले नाहीत. त्याने वाचणाऱ्याचं दुखणं आधी डोळ्यांसमोर आणलं आणि मग पान दाखवलं. आजचे शिफारस करणारे दुखणं विचारत नाहीत. सगळ्यांना एकच गोळी.

आणि ती गोळी तरी कुठली? कुठल्याही समारंभात, कुठल्याही शाळेच्या फळ्यावर, 'वाचलीच पाहिजेत अशी दहा पुस्तकं' बघा. 'ययाति', 'मृत्युंजय', 'श्रीमान योगी', आणि शेवटी 'अग्निपंख'. ही पुस्तकं वाईट आहेत असं मी म्हणणार नाही, मीही त्यांच्यावरच वाढलो. पण 'ययाति' १९५९ची, 'मृत्युंजय' १९६७ची, 'श्रीमान योगी' १९६८ची. यादी करणाऱ्याने कॉलेज सोडलं तेव्हा वाचन सोडलं, असा याचा सरळ अर्थ आहे. वाचन सोडलेल्या माणसाने याद्या करणंही सोडावं. त्याच्या यादीने पोरांची अशी समजूत होते की मराठी पुस्तक म्हणजे राजे, महाराण्या आणि शाप देणारे ऋषी. परंड्याच्या बाजारात टोमॅटोचे कॅरेट घेऊन बसलेला बाप पुस्तकात असू शकतो, हे त्या पोराला कोणी सांगितलेलंच नसतं.

तो बाप पुस्तकात आहे. याच जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यातले भास्कर चंदनशिव यांनी तो लिहिला. त्यांच्या 'लाल चिखल' या कथेत बाजारात टोमॅटोला भाव मिळत नाही आणि शेवटी बाप आपल्याच मालावर पाय देऊन नाचतो. ज्या घरात गेल्या हंगामात माल रस्त्यावर ओतला गेला, त्या घरातल्या पोराला ही कथा आधी द्यायची. 'मृत्युंजय' नंतर वाचेल. ही कथा वाचून पोरगा बापाकडे वेगळ्या नजरेने बघतो. मी हे पाहिलं आहे, म्हणून सांगतो.

दुसरं पुस्तक 'पाचोळा'. रा. रं. बोराडे यांची १९७१ची कादंबरी. गावातल्या एका शिंप्याच्या घराची वाताहत, आणि ती सांगते त्याची बायको, आपल्या उस्मानाबादी बोलीत. पुस्तकी मराठीचा लेप नाही. माझ्या एका मावशीने आयुष्यात कादंबरी हातात धरली नव्हती. शाळा चौथीपर्यंत. चातुर्मासात 'हरिविजय' वाचायची, अडखळत, बोट ठेवून. तिला मी 'पाचोळा' दिली आणि म्हटलं, "ही आपल्या बोलीत आहे, बघ जमलं तर." चार महिने लागले तिला. भाकरी थापताना शेजारी ठेवून वाचली असणार, पानांवर तेलाचे डाग घेऊन पुस्तक परत आलं. परत देताना म्हणाली, "हे लिहिणाऱ्याला आमच्या घरातलं कोणी सांगितलं रं?"

पुस्तकाचं याहून मोठं परीक्षण मी कुठल्याही नियतकालिकात वाचलेलं नाही. पुढचा प्रश्न तिने विचारला तो असा: "दुसरं हाय का असलंच?" माणूस वाचक होतो तो या प्रश्नापाशी. तिथपर्यंत त्याला कोणीतरी आणून सोडावं लागतं, आणि तिथे उभं राहून त्याच्यासाठी दुसरं पुस्तक तयार ठेवावं लागतं. बहुतेक शिफारशी पहिल्याच पुस्तकावर संपतात.

आता जरा परंडा तालुक्याकडे बघा, कारण पुस्तक दुसऱ्यापर्यंत पोचवण्याच्या कामाचा सर्वांत मोठा दाखला मला इथे सापडतो. सोनारीच्याच तालुक्यात सीना नदीच्या काठी डोमगाव आहे. तिथे समर्थ रामदासांचे शिष्य कल्याणस्वामी यांचा मठ आहे. समर्थांनी सांगितलं आणि कल्याणांनी लिहून घेतलं, अशी 'दासबोधा'ची परंपरा. कल्याणांच्या हातची 'दासबोधा'ची प्रत या डोमगावच्या मठाने सांभाळली. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी १९०५ मध्ये 'दासबोध' छापून प्रसिद्ध केला, तो या प्रतीवरून. वीस दशक, दोनशे समास. एवढा ग्रंथ एका माणसाने बोरूने, एकटाकी अक्षरात उतरवला आणि पिढ्यानपिढ्या एका खेड्याने तो पावसापाण्यापासून, वाळवीपासून आणि लुटारूंपासून वाचवला.

'दासबोधा'च्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लेखनक्रियेचा आहे. अक्षर कसं गोलसर आणि सुटं असावं, ओळी कशा सरळ याव्यात, पहिल्या पानावरचं वळण शेवटच्या पानापर्यंत कसं टिकावं, कागद, शाई, लेखण्या, बांधणीचं सामान कसं जमवावं, हे सगळं त्यात आहे. एका संताने ग्रंथात हे का घातलं असेल? कारण त्या काळी पुस्तक दुसऱ्यापर्यंत पोचवायचा एकच मार्ग होता, आणि तो म्हणजे ते हाताने पुन्हा लिहून काढणं. तुम्हाला ग्रंथ आवडला, तर त्याची शिफारस म्हणजे महिनोन्‌महिने वाकून बसणं. मठामठांतून प्रती गेल्या त्या अशा. एवढी किंमत मोजायची असली की माणूस उगाच काहीही सुचवत नाही.

आज बोटाच्या एका टोच्यात तीनशे जणांना पुस्तक सुचवता येतं. सोय झाली, वाईट काही नाही. फक्त त्या सोयीत सुचवणाऱ्याची जबाबदारी नाहीशी झाली.

ग्रंथांचा दुसरा दाखलाही याच तालुक्यातला. परंड्याचा किल्ला बांधल्याचं श्रेय ज्याला देतात, तो बहमनी वजीर महमूद गवान. त्याने बीदरला मदरसा उभारला, १४७२ मध्ये, आणि त्यात तीन हजार ग्रंथांचं ग्रंथालय असल्याचं इतिहासकार सांगतात. किल्ला बघायला येणारे तोफांपुढे उभं राहून फोटो काढतात. त्याच माणसाने ग्रंथालयही उभारलं होतं, हे त्यांना सांगायला कोणी नसतं. आपण मुलांना तोफांची नावं पाठ करायला लावतो.

हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, हेही पोरांना धड माहीत नाही. त्या राज्यात गश्ती नंबर ५३ नावाचा हुकूम होता. परवानगीशिवाय सभा घेता येत नसे. वरचं शिक्षण उर्दूतून. घरात मराठी आणि शाळेत उर्दू, अशा काळात मराठी पुस्तक जपणं हे धाडसाचं काम होतं. याच जिल्ह्यात हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा चालली. स्वामी रामानंद तीर्थ तिथे शिकवायला आले आणि पुढे हैदराबादच्या मुक्तिलढ्याचे नेते झाले. अनंत भालेराव यांचं 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' हे पुस्तक मी सध्या पुन्हा वाचतो आहे. दुसऱ्यांदा. दरवर्षी १७ सप्टेंबरला, मुक्तिदिनी, झेंड्यापुढे ताठ उभ्या राहणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने ते वाचलेलं असावं, अशी माझी मागणी आहे. पोरांना दोन मिनिटांचं भाषण पाठ करायला देण्यापेक्षा त्यातली वीस पानं वर्गात मोठ्याने वाचून दाखवा. पोरं ऐकतात. गोष्ट ऐकायला पोरं कधी नाही म्हणत नाहीत.

मोठ्याने वाचणं हा शब्द आला, तर थोडं थांबतो. आपल्या खेड्यात वाचन कधी एकट्याचं नव्हतं. चातुर्मासात पोथी लागायची. एकजण वाचणार, दुसरा अर्थ सांगणार, दहा-वीस बायाबापड्या ऐकणार. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांनाही 'पांडवप्रताप' तोंडपाठ. सप्ताहात सात दिवस 'ज्ञानेश्वरी'चं पारायण, ओळीने बसलेली माणसं, एका सुरात. पुस्तक एक आणि वाचक पन्नास, ही आपली पद्धत. अशा गावांना 'तुमच्याकडे वाचनसंस्कृती नाही' असं व्यासपीठावरून ऐकवणाऱ्यांनी आधी सप्ताहाच्या मांडवात येऊन बसावं. इथे वाचायची सवय आहे, बसायची सवय आहे, ऐकायची तर फारच आहे. खंड पडला तो पोथी आणि कादंबरी यांच्या मधल्या वाटेवर. ती वाट कोणी बांधली नाही. 'हरिविजय' वाचणाऱ्या मावशीला 'पाचोळा' देणारा माणूस दर घरात लागतो, आणि तो दर घरात नसतो.

तालुक्याच्या गावांत अभ्यासिका मात्र आहेत. सकाळी सहाला दार उघडतं, रात्री उशिरापर्यंत पोरंपोरी मान मोडून वाचत असतात. काय वाचता म्हणून विचारलं की म्हणतात, लक्ष्मीकांत. म्हणजे राज्यघटनेवरचं स्पर्धा परीक्षेचं पुस्तक. किंवा चालू घडामोडी. या पोरांना कोणी नावं ठेवू नयेत. दोन एकर कोरडवाहू जमिनीच्या जिवावर घर उभं आहे आणि फौजदार होण्यापलीकडे दुसरी वाट दिसत नाही, अशा पोराने कादंबरी बाजूला ठेवली तर त्याचं चुकलं कुठे? चुकतं त्या संस्थाचालकांचं, जे अभ्यासिकेत ग्रंथालयाचं कपाट ठेवतात आणि त्याला कुलूप घालतात. किल्ली कोणाकडे, ते कोणालाच माहीत नसतं. मी अशा एका कपाटाच्या काचेतून 'बारोमास' पाहिलं आहे. सदानंद देशमुखांची कादंबरी, साहित्य अकादमीचा मान मिळालेली. शिकून-सवरून बेकार बसलेल्या शेतकऱ्याच्या पोराची. बाहेर चाळीस बेकार पोरं मान खाली घालून बसलेली, आणि आत कुलपात त्यांचीच गोष्ट. ते कुलूप काढा. परीक्षेत नापास झालेल्या पोराला त्या रात्री काय वाचावं हे सांगणारं कोणीतरी पाहिजे. लक्ष्मीकांत त्या रात्री कामाला येत नाही.

राज्यात ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे. अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. गावातल्या 'ड' वर्गाच्या वाचनालयात एक माणूस तुटपुंज्या पगारावर बसलेला असतो. त्याच्या हातात पुस्तकं आहेत, त्याला माणसं माहीत आहेत. कोणाच्या घरी काय चाललंय हेही त्याला ठाऊक असतं. पुस्तक सुचवायला याच्यापेक्षा लायक माणूस गावात दुसरा नाही. पण त्याचा सगळा वेळ रजिस्टरं भरण्यात आणि तपासणीची वाट बघण्यात जातो. त्याला नीट पगार द्या आणि गावात फिरायला लावा. वाचन प्रेरणा दिनाचा फलक नंतर रंगवा.

तो दिन दर १५ ऑक्टोबरला येतो. पोरांना ओळीने बसवून हातात पुस्तकं देतात, फोटो निघतो, तो वर पाठवतात, पुस्तकं परत कपाटात. त्या तासाभरात पोरगं दहा पानं वाचून रंगलं असेल, तर त्याला पुस्तक घरी का नेऊ देत नाही? फाटेल म्हणून. पुस्तक फाटण्याची एवढी भीती, आणि ते न वाचताच जुनं होण्याची काहीच नाही.

२०२०च्या जानेवारीत धाराशिवला, तेव्हाच्या उस्मानाबादला, त्र्याण्णवावं साहित्य संमेलन झालं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते. ग्रंथदिंडी निघाली, पालखीत पुस्तकं होती. मला ग्रंथदिंडी आवडते. पण पालखीतून उतरल्यावर ती पुस्तकं कोणाच्या घरी जातात, हा प्रश्न मी दर संमेलनाला विचारत आलो आहे. पालखीतल्या प्रत्येक पुस्तकावर एका वाचकाचं नाव लिहून ते त्याच्या घरी पोचवा. दिंडी खरी पुरी होईल.

नुसतं सांगण्यातूनही किती देता येतं, हे दाखवणारी माणसं मराठीत होऊन गेली. गोविंद तळवलकर 'वाचता वाचता'मधून इंग्रजी पुस्तकांची ओळख करून देत. ती अशी, की पुस्तक मिळालं नाही तरी वाचणाऱ्याच्या पदरात काही पडायचं. सतीश काळसेकर यांच्या 'वाचणाऱ्याची रोजनिशी'ला २०१३चं साहित्य अकादमी पारितोषिक मिळालं. काय वाचलं, ते कुठे सापडलं, कोणी दिलं, याच्या साध्या नोंदी. वाचणाऱ्या माणसाचा तो जमाखर्च आहे, आणि एखाद्या चांगल्या कादंबरीइतका तो मला धरून ठेवतो. ज्यांना आपण काय वाचतोय हे जगाला सांगायची हौस आहे, त्यांनी सांगण्याआधी हे पुस्तक वाचावं. 'अप्रतिम' हा शब्द वापरायची लाज वाटायला लागेल. निरंजन घाटे यांचं 'वाचत सुटलो त्याची गोष्ट' हेही त्याच जोडीला.

मग माझी आजची यादी? मालू कवीच्या रीतीनेच देतो. शेतमालाला भाव न मिळालेल्या घरात भास्कर चंदनशिव. पोथी वाचणाऱ्या आईला 'पाचोळा'. नापास झालेल्या पोराला 'बारोमास'. गाव सोडून पुण्यात खोली करून राहणाऱ्या आणि गावाला विसरत चाललेल्या माणसाला परभणीच्या आसाराम लोमटे यांचं 'आलोक'. त्यातल्या कथा वाचून तो पुढच्या सुट्टीत गावी येईल. झेंडावंदन करणाऱ्या गुरुजींना अनंत भालेराव. ही सगळी मी वाचलेली आहेत. एखादं तुम्हाला पटलं नाही, तर माझ्याशी येऊन भांडा. भांडायला माणूस समोर असणं, ही शिफारशीची पहिली अट.

सोनारीच्या देवळातल्या त्या बाबांना निघताना मी विचारलं होतं, पोथी कोणाची? ते म्हणाले, "बापाची. त्याच्याआधी त्याच्या मामाची." पान उलटून त्यांनी दाखवलं. आतल्या कोऱ्या पानावर तीन हातांची तीन नावं होती, फिकट होत गेलेली. खाली एक जागा मोकळी. "ही नातीची," ते म्हणाले. पुस्तकाची शिफारस अशी असते.

चैत्रात सोनारीची यात्रा भरते. नाथाचा रथ निघतो, लांबलांबून माणसं येतात. ज्यांचं कुलदैवत भैरवनाथ आहे, ती पुण्या-मुंबईची कुटुंबंही येतात. त्या सगळ्यांना माझं सांगणं आहे. येताना पिशवीत नारळाबरोबर एक पुस्तक ठेवा. स्वतः वाचलेलं. आतल्या कोऱ्या पानावर आपलं नाव लिहा आणि खाली जागा सोडा. गावातल्या ज्या घरी जेवायला उतराल, त्या घरातल्या एका माणसाचा चेहरा डोळ्यांसमोर आणून ते निवडा आणि त्याच्या हातात द्या. पिशवीचं तोंड मात्र नीट बांधून आणा, इथली माकडं कुणाची गय करत नाहीत.

माझ्या पिशवीत 'पाचोळा' असेल. मावशीकडून परत आलेली तीच प्रत, तेलाच्या डागांसकट. पहिल्या पानावर तिचं नाव आहे, खालची जागा रिकामी आहे.